खाडीपलीकडची पहिली खेप

"बोटीवर गाडी चढवलीय का कधी?" हंबीररावांनी विचारलं.

गुंडू खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. मार्केट यार्डातल्या त्या लहानशा ऑफिसात गुळाचा वास भरून राहिला होता आणि भिंतीवरचा पंखा फक्त हंबीररावांकडे बघून फिरत होता. गुंडूची उमर उसाच्या वाहतुकीत गेली होती. शिरोळकडच्या मळ्यांतून ऊस भरायचा, कसबा बावड्याच्या कारखान्यावर आणून टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत फिरायचं. पण आता जुन्या मालकानं ट्रक विकून दोन ट्रॅक्टर घेतले होते. एकावर भाचा बसवला, दुसऱ्यावर पुतण्या, आणि गुंडूला नारळ दिला.

"नाही" म्हणायलाच गुंडूनं तोंड उघडलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"व्हय की! किती येळा!"

खरं म्हणजे गुंडू पाण्याला फार भ्यायचा. शिरोळला एका पुरात त्यानं गूळ रटरटायच्या काहिलीत बसून नदी ओलांडली होती, तीही डोळे घट्ट मिटून. पाण्याशी त्याचा संबंध तेवढाच. समुद्र त्यानं पाहिला होता तो सलूनमधल्या कॅलेंडरवर.

"मग झालं तर," हंबीरराव खूश होऊन म्हणाले. "सोमवारी निघा. खाडीपर्यंत रस्ता हाय, म्होरं गाडी बोटीत घालायची. पलीकडं शेट्ये म्हणून यापारी हाईत आपलं. शिमगा तोंडावर आलाय, कोकनात पुरणाला गूळ लागतोय. येळंत पोचला पायजे आन् कोरडा पोचला पायजे. एवढी एक खेप नीट झाली की तुमी कायमचं आमचं."

गुंडू बाहेर आला तेव्हा त्याला नोकरी लागली होती आणि सोमवारला फार दिवस उरले नव्हते.

घरी तानाबाई भाकरी थापत होती. शेट्येंना बोटीवरनं गूळ पोचवायची बातमी ऐकून तिचा हात पिठातच थांबला.

"बोटीवरनं? म्हंजे समुद्रातनं?"

"खाडी म्हनत्यात त्याला."

"खाडी म्हंजे?"

हे गुंडूलाही नीट ठाऊक नव्हतं. "समुद्राचा धाकला भाऊ," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी सगळी गल्ली ते शिकून बसली. तानाबाईनं शेजारच्या चिमणाबाईला सांगितलं आणि चिमणाबाईला सांगितल्यावर आणखी कुणाला सांगायची गरज नसे. "गुंडूभाऊजी आता समुद्रातनं ट्रक घालनार!" नळावर, गिरणीत, दूध संकलनाच्या रांगेत तोच विषय. माणसं मुद्दाम वाट वाकडी करून दारात येऊ लागली.

"इंजनात पानी शिरत न्हाय व्हय?" एकानं विचारलं.

"त्येची एक टेक्निक असत्या," गुंडू म्हणाला आणि घरात निघून गेला.

रविवारी त्यानं पोटात दुखतंय म्हणून बघितलं. तानाबाईनं लगेच ओव्याचं पाणी केलं. ते पिताना त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं कण्हणं आवरलं. नोकरी गेल्यापासून तो सवयीनं पहाटे उठायचा, तोंड धुवायचा आणि मग कुठं जायचं ते न सुचून उंबऱ्यावर बसून राहायचा. तानाबाई उगाच त्याच्याकडे तांदूळ निवडायला द्यायची, म्हणजे हातांना काही काम राहील. आज मात्र तिनं त्याची खाकी पँट धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. इस्त्री केलेल्या पँटला आता नाही म्हणायचं तरी कसं?

सोमवारी पहाटे ट्रक दारात उभा राहिला. गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, भरलेले, वर ताडपत्री ताणलेली. तेवढ्यात निरोप आला, की बरोबर यायच्या क्लीनरला गालगुंड झालंय. त्याचं तोंड उघडत नव्हतं आणि ज्याचं तोंड उघडत नाही तो क्लीनर काय कामाचा?

गुंडूच्या मनात आशेचा दिवा लागला. "मग आज काय जमत न्हाय," तो म्हणाला. "बिगर किलनरचं कसं जायाचं?"

"किलनर काय करतो?" तानाबाईनं विचारलं.

"मागं बघतो, हाका मारतो, चाकाला दगड लावतो."

"हाका माराय मला शिकवाय पायजे व्हय?"

गल्लीतल्या कुणालाही याचं उत्तर देता आलं असतं. गुंडू काही बोलायच्या आत ती हिरवं इरकली लुगडं नेसून, भाकरी-खर्ड्याचं गठुळं घेऊन बाहेर आली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्या ट्रकात कधी बसली नव्हती. जुन्या मालकाला ते चालायचं नाही. केबिनच्या पायरीशी ती थबकली, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी वर चढली.

"अगं, चपला कशाला काढल्यास?"

"पोटाला देनारी गाडी हाय. पायातलं घालून चढू व्हय?"

चपला तिनं सीटखाली सारल्या.

आंबा घाट उतरेपर्यंत तिनं क्लीनरचं काम इतक्या मनापासून केलं, की गुंडूचे कान दुखायला लागले. डावीकडून मोटारसायकल आली, उजवीकडून एसटी आली, म्होरनं म्हस आली, झाडावर माकड हाय. जे दिसेल ते ती ओरडून सांगत होती. मधूनच गप्प व्हायची आणि स्टिअरिंगवरच्या त्याच्या हातांकडे बघत राहायची.

"किती सोपं करता तुमी," ती एकदा म्हणाली.

गुंडूला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात तो खाडी विसरला. आणि मग एका वळणावर खाडीच समोर आली.

पाणी एवढं असू शकतं हे कॅलेंडरवाल्यांनी सांगितलं नव्हतं. रस्ता सरळ जात जात उतरणीला लागत होता आणि पाण्यात शिरत होता. शेवटाला बोट टेकली होती. तिचं लोखंडी दार जमिनीवर आडवं पसरलं होतं. जमीन आणि बोट यांच्या मधल्या फटीतून हिरवं पाणी वर-खाली होत होतं. गुंडूनं त्या फटीवर डोळे लावले आणि पहिला गिअर टाकला.

बोटीवरचा तांडेल दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "उलटी! ओ ड्रायव्हर! उलटी, उलटी!"

"अवो, ते कायतरी उलटी उलटी म्हनत्यात," तानाबाई म्हणाली.

"बोट लागली आसंल कुनाला तरी," गुंडू दातांतून म्हणाला आणि ट्रक सरळ तोंडानं बोटीत घातला, तो पार दुसऱ्या टोकाच्या कठड्यापर्यंत.

तांडेल कपाळाला हात लावून केबिनपाशी आला. "पाहुणे, या बोटीला दार एकच. गाडी मागून चढवायची, म्हणजे पलीकडे तोंडानं सरळ उतरता येते. आता तुम्हाला एवढा माल घेऊन चढावर मागं मागं जावं लागणार. पहिल्यांदा आलात काय?"

तानाबाई कौतुकानं गुंडूकडे बघत होती.

"छ्या!" गुंडू म्हणाला. "आमी असंच उतरतो नेहमी."

मागोमाग दोन जीपा आणि एक मारुती व्हॅन उलट्या चढल्या. दार वर उचललं गेलं, इंजिन धडधडलं आणि त्याच क्षणी गुंडूला दिसलं की काठावरचं नारळाचं झाड सरकायला लागलंय. गाडी चालली! त्यानं दचकून ब्रेक दाबला. झाड थांबेना. त्यानं आणखी जोरात दाबला. हँडब्रेक ओढला, गिअर टाकून ठेवला, पण झाड आपलं सरकतच राहिलं. मग ते दिसूच नये म्हणून त्यानं डोळे मिटले. पाय मात्र ब्रेकवरून काढला नाही. हा पाय उचलला की ट्रक कठडा तोडून पाण्यात जाणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

तानाबाई केव्हाच उडी मारून कठड्याशी पोचली होती. "अवो, खाली या की! केवढं पानी ह्ये! सपतच न्हाय!"

"बघतोय हितनं," गुंडू डोळे मिटूनच म्हणाला. "गाडीजवळ मानूस लागतो."

वारा तिच्या पदराशी झोंबत होता. मग तिथूनच ती त्याला एकेक गोष्ट ओरडून सांगू लागली. पांढरं पाखरू पाण्यावर बसलं. एक मासा उडी मारून गेला. लांबवर पाणी आणि आभाळ एक झालंय. गुंडू सगळ्याला हं म्हणत होता आणि ब्रेक दाबत होता.

पलीकडचा काठ आला. दार पडलं. जीपा गेल्या, व्हॅन गेली.

"चला, घ्या मागं!" तांडेल म्हणाला.

गुंडूनं पाय उचलायला घेतला, तर पाय जागेवर नव्हताच. म्हणजे दिसत होता, पण कळत नव्हता. मुंग्या येऊन येऊन तो पार लाकूड झाला होता. त्यानं दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय कसाबसा ॲक्सिलरेटरवर नेला, पण तो हलका ठेवता येईना. ट्रक गुरगुरला. दुसऱ्या खटपटीत गाडी खरोखर मागं गेली, मागची चाकं शेवाळलेल्या चढाला लागली, तिथल्या तिथं फिरली आणि ट्रक परत बोटीत येऊन दणकन थांबला. सगळी बोट डुलली.

"दगड पायजे चाकाला!" तानाबाई ओरडली. "थांबा, मी आनते!" आणि क्लीनरचं कर्तव्य आठवून ती अनवाणीच धक्क्यावरून वर पळाली.

वर रस्त्यावर अलीकडं यायच्या गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न वाजायला लागले. शिमग्याला दोन दिवस होते, पण तिथं तो आत्ताच सुरू झाला. तांडेलनं पाण्याकडे बघितलं.

"असं करू," तो म्हणाला. "भरती लागलीय. थोडं पाणी चढलं की हा चढ जरा सपाट होईल, तेव्हा उतरा. तोवर ही रांग पलीकडे टाकून येऊ. तुम्ही बसा आपले आत."

गुंडूला ते एकदम पटलं, कारण त्यात पाय हलवायचा नव्हता. गाड्या चढल्या, दार उचललं गेलं, बोट निघाली. आणि मग त्याला आरशात दिसलं. धक्क्याच्या टोकाला हिरव्या लुगड्यातली तानाबाई उभी होती. तिनं छातीशी एक भला थोरला दगड कवटाळला होता.

"अवोऽऽऽ!"

एवढी मोठी हाक त्या खाडीनं कधी ऐकली नसेल. पण हाकेनं बोट वळत नाही.

"बोट थांबवा!" गुंडू ओरडला. "माझी बायकू ऱ्हायली!"

"परत येतोच आहोत की," तांडेल म्हणाला. "कुठं जातायत त्या?"

तोच तर प्रश्न होता. ती कुठं जाणार? गुंडूनं सीटखाली पाहिलं, तिच्या चपला तिथंच होत्या. भाकरीचं गठुळं इथं. तिला ना गाव ठाऊक, ना माणूस. सकाळपासून तिनं घोटभर चहा घेतला होता तेवढाच. ती कधी माहेरीसुद्धा एकटी गेली नव्हती, दर वेळी तो कोडोलीला पोचवायला जायचा. आणि आज तो तिला अनवाणी, हातात दगड घेऊन, खाडीपलीकडं टाकून आला होता.

अलीकडच्या काठाला बोट लागली तेव्हा तांडेल म्हणाला, "आता असं करा, इथं खाली उतरा, गाडीचं तोंड फिरवा आणि उलटी चढवा. म्हणजे कटकटच मिटली."

सल्ला चांगला होता. पण गुंडूनं बाहेर पाहिलं. इथंही रांग लागली होती. तो एकदा उतरला, की त्या गाड्या आत घुसणार आणि त्याला पुढच्या खेपेची वाट बघावी लागणार.

"मी उतरत न्हाय," तो म्हणाला.

"अहो, वेडे काय? गाडी हलवा!"

"न्हाय हलवत."

रांगेतली माणसं जमा झाली. एकानं आवाज चढवला, दुसऱ्यानं पोलिसांचं नाव काढलं. कोल्हापूरच्या माणसाला दटावून काही होत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. गुंडूनं स्टिअरिंगला मिठीच मारली.

"काय करायचं त्ये करा," तो म्हणाला. "माझी बायकू पलीकडं हाय. उपाशी हाय. तिच्या पायांत चपला न्हाईत." आणि त्यानं पुरावा म्हणून चपला खिडकीतून बाहेर धरल्या.

माणसं त्या चपलांकडे बघू लागली. ज्यानं पोलिसांचं नाव काढलं होतं, तोच म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, भाऊ. ए, जीप बाजूला घे रे, बोट लवकर सोडा."

बोट निघाली. या वेळी बयाबाई नावाची एक म्हातारी मासळीवाली रिकामी टोपली घेऊन ट्रकच्या पायरीवर येऊन टेकली. "भांडून गेली काय रे बायको?" तिनं विचारलं.

"न्हाय. दगड आनाय गेल्या."

"दगड? तुला मारायला?"

"चाकाला लावाय."

"बरं बरं," म्हातारी म्हणाली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. "खाली उतर, वारा घे जरा. तोंड बघ कसं झालंय."

"उतराय येत न्हाय. पाय ब्रेकवर हाय. काढला तर गाडी पान्यात जाईल."

बयाबाईनं वाकून आत पाहिलं. खरंच पाय ब्रेकवर होता. "अरे बाबा," ती म्हणाली, "तुझ्या ब्रेकानं काही थांबत असतं, तर मघाशी बोट नसती थांबली? मग बायको कशाला राहिली असती मागं?"

गुंडू विचारात पडला. यात काहीतरी होतं. पण विचार पुरा व्हायच्या आत समोरचा धक्का दिसायला लागला आणि धक्क्यावर हिरवं काही दिसत नव्हतं.

त्यानं डोळे फाडून पाहिलं. धक्का रिकामा होता. नारळाची झाडं हिरवी, डोंगर हिरवा, पाणीसुद्धा हिरवं, पण त्यातलं एकही हिरवं तानाबाईचं नव्हतं. गुंडूनं दार उघडलं, उडी मारली आणि लंगडत धावत कठडा गाठला. कठड्यावर पोट टेकून, अर्धा पाण्यावर लोंबकळत, त्यानं हाक मारली, "तानेऽऽऽ!"

उत्तर आलं नाही. मागून बयाबाईच्या हसण्याचा आवाज तेवढा आला. "बघ, गेली का गाडी पाण्यात?"

गुंडूनं वळून पाहिलं. ट्रक शहाण्यासारखा जागेवर उभा होता. पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. सकाळपासून ज्याला भीत होता ते पाणी त्याच्या नाकाखालून जात होतं, तेही त्याला दिसलं नाही. तो फक्त धक्का बघत होता.

दार पुरतं टेकायच्या आत तो काठावर होता. धक्क्याच्या टोकाला दगड पडला होता. नुसता दगड. गुंडू शेजारच्या चहाच्या टपरीवर धडकला.

"हिरव्या लुगड्यातली बाई बघितली का? दगड घेतल्याली?"

"त्या होय? त्यांनी शेट्येंचं दुकान कुठं म्हणून विचारलं. गेल्या की रिक्षानं."

तेवढ्यात वरून हॉर्न वाजला. एक टेम्पो धुरळा उडवत उतारावरून खाली येत होता. मागच्या हौद्यात चार हमाल उभे होते आणि त्यांच्या मधोमध, दोरखंडाचं वेटोळं खांद्यावर घेऊन, तानाबाई. टेम्पोच्या पुढच्या सीटवरून पांढऱ्या लेंग्यातले, घामानं डबडबलेले गृहस्थ उतरले. त्यांच्या एका हातात शहाळं होतं आणि दुसऱ्या हातात घाईघाईनं विकत घेतलेला झेंडूचा हार.

"या या, हंबीरराव!" ते गुंडूकडे धावले. "किती वर्षांचा आपला व्यवहार, पण भेट आज होतेय. आणि तीही अशी संकटात! बाई सांगायला आल्या, आमचं मालक बोटीत अडकल्यात, तसा दुकान टाकून निघालो बघा." आणि गुंडूच्या गळ्यात हार पडला.

गुंडूनं तानाबाईकडे पाहिलं. तानाबाईनं गुंडूकडे पाहिलं.

"ह्ये हंबीरराव न्हवंत," ती म्हणाली. "ह्ये आमचं मालक."

"तेच तर. मालक."

"आमचं म्हंजे... माझं."

शेट्येंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी घातलेल्या हाराकडे पाहिलं, चार हमालांकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांनीच शहाळं गुंडूच्या हातात दिलं. "घ्या हो, ड्रायव्हरसाहेब! एका अर्थानं बाईंचं काही चुकलेलं नाही."

गुंडूनं शहाळं तसंच तानाबाईला दिलं. चपला आणून तिच्या पायांशी ठेवल्या.

"कुठं गेलतीस?"

"मी? तुमीच गेलता की!" ती म्हणाली. मग शहाळ्याचा एक घोट घेऊन तिनं हळूच विचारलं, "गाडीतनं खाली कवा उतरला?"

"आत्ताच."

"मग? पानी बघितलं?"

"न्हाय," गुंडू म्हणाला. "तुला बघत हुतो."

तानाबाईनं पदर सारखा केला आणि हमालांवर ओरडली, "बघत काय ऱ्हायलासा? माल काढा की!"

गाडी हलकी व्हावी म्हणून निम्मे रवे बोटीतूनच टेम्पोत भरले. तोवर भरतीनं चढ खरोखरच सपाट केला होता. मग तानाबाई ट्रकच्या मागं उभी राहिली. हातानं फळीवर थापा मारत ती सांगू लागली, "येऊ द्या... येऊ द्या... उजवीकडं घ्या... अवो, तुमचं उजवं न्हवं, माझं! येऊ द्याऽऽ... बास!" तिचा आवाज एवढा खणखणीत होता, की शेजारच्या होडीवाल्यानंही आपली होडी उजवीकडं घेतली. ट्रक काठावर आला तेव्हा बोटीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तांडेलनं दोन्ही हात जोडले. नमस्कार केला, की परत येऊ नका असं सुचवलं, ते गुंडूला कळलं नाही.

उरलेले रवेही टेम्पोनंच दुकानात गेले आणि उन्हं कलताना ते दोघं परत निघाले. रिकामा ट्रक गुंडूनं नीट उलटा चढवला. बोट सुटल्यावर तो आपणहून खाली आला. कठड्यापासून हातभर लांबच थांबला. तानाबाईनं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं आणि मग तो कठड्यापर्यंत गेला.

"ताने," तो म्हणाला, "मी ह्येच्या आदी कवाच समुद्र बघितला न्हवता."

"बरं. मग आता बघा," ती म्हणाली.

दोघंही काठ येईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांचं बोलावणं आलं. गुंडू सगळं खरं सांगायची तयारी करून गेला. पण हंबीरराव टेबलाच्या अलीकडे येऊन उभे होते आणि त्यांनी पंखा गुंडूकडे वळवला होता.

"शेट्येंचा फोन आलता," ते म्हणाले. "शिमग्याच्या मांडवानं बाजाराची गल्ली बंद हाय म्हनं. बाकीच्या यापाऱ्यांच्या ट्रका गावाबाहीर अडकून पडल्या. आपला गूळ तेवढा टेम्पोतनं दुकानात! बोटीतच माल टेम्पोत घालायची आयडिया तुमाला सुचली कशी?"

"मालक, खरं सांगायचं तर—"

"आता लाजू नका! तुमचा किलनर लई भारी हाय, असंबी म्हनत हुते. कोन हाय तो?"

"ती... मंडळी हाय आमची."

हंबीररावांनी टेबलावर थाप मारली. "तरीच," ते म्हणाले. "आजून दोन गाड्या लावतोय मी त्या लायनीला. डायवर नवीन हाईत. त्यास्नी तुमी तयार करायचं. मी सांगितलं आसतं, पर माझंच कवा जानं झालं न्हाय. पानी बघितलं की माझं डोकं फिरतंय."

त्या रविवारी दोन ड्रायव्हर गुंडूच्या अंगणात चटईवर येऊन बसले. गल्लीतली निम्मी माणसं आजूबाजूला उभी होती. गुंडूनं घसा साफ केला, गाडी उलटी का चढवायची ते समजावलं, भरती-ओहोटी समजावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग धाकट्या ड्रायव्हरनं विचारलं, "काका, बोट सुटली की आदी काय करायचं?"

गुंडूनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आतून भाकरी थापायचा आवाज येत होता. तो आवाज थांबला.

"बोट सुटली," तानाबाई आतूनच म्हणाली, "की आदी गाडीतनं खाली उतरायचं आन् बायकू कुठं हाय ते बघायचं."

धाकटा ड्रायव्हर लाजला. "माझं लगीन व्हायचंय आजून," तो म्हणाला.

"मग आदी त्ये करून या," तानाबाई म्हणाली. "तंवर आमी दोघं जातो."